सरावाचा पाय

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझी खुशाली कळली, म्हणजे तू जेवढी कळू दिलीस तेवढी. स्वतःबद्दल एक ओळ आणि कारखान्याबद्दल दोन पानं, ही तुझी जुनीच रीत. पायाच्या जखमेबद्दल तर ‘बरी होत आहे’ एवढंच. ती दिवाणी दाव्यासारखी बरी होत आहे, निकाल काही लागत नाही. छोटीला विचारावं तर लेक आईच्याच धाकात. तेव्हा डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते या वेळी सविस्तर लिही, नाहीतर मी येऊन धडकेन.

इकडची बातमी म्हणजे गेल्या रविवारी मी देहधारणावर उपदेश केला. देव माणूस झाला, हे वाक्य आमची मंडळी लहानपणापासून ऐकत आली आहेत. त्यामुळे ते एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं. म्हणून मी आपल्या बाबांना मदतीला घेतलं. कारखान्यात नवा कारागीर आला की बाबा पहिला महिना त्याच्या हातात हत्यार देत नसत. सरावाचा पाय बांधून वावर, म्हणत. पोटरी मागे दुमडून मांडीला पट्ट्याने आवळायची, गुडघा खोबणीत टेकवायचा आणि खालच्या लाकडी पायावर जिने चढायचे, बादल्या उचलायच्या, आपटायचं. ज्यांचे पाय गेले त्यांना पाय करून द्यायचे तर आधी तसं चालून बघा, हा त्यांचा नियम. देवानेही नेमकं हेच केलं, असा माझा मुद्दा.

पण नुसतं बोलून भागत नाही. मागच्या खेपेला मी येताना तो जुना सरावाचा पाय उचलून आणला होता. (तू शोधत होतीस तोच. रागावू नकोस.) तो झग्याखाली बांधला आणि चर्चच्या दारापासून व्यासपीठापर्यंत लंगडत गेलो. एका आजींनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. शेवटी सगळ्यांसमोर पट्टा सोडला, दोन पायांवर ताठ उभा राहिलो आणि म्हणालो की तो असा आपल्यातला झाला आणि असाच तिसऱ्या दिवशी उठला. कित्येकांनी डोळ्यांना रुमाल लावले. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर त्या दिवशी नक्की पडल्या असत्या. सोबत उपदेशाची प्रत पाठवतो आहे. बाबा असते तर खूश झाले असते, नाही का?

छोटीला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच वाहती राहू दे, एवढंच मागणं.

तुझा
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र, उपदेश आणि चोरीची कबुली एकाच पाकिटात मिळाली. त्या पायासाठी मी दोन कपाटं उपसली आणि साचे करणाऱ्या मिस्त्रींवर उगाच तोंडसुख घेतलं. त्यांची माफी तू मागायची.

तुझ्या उपदेशाची बातमी तुझ्या पत्राआधीच इथे पोचली होती. तुमच्या चर्चचे कर्णे सांभाळणारा वायरमन आमचा गिऱ्हाईक आहे. त्याला डावा पाय मांडीपासून नाही. पँट घातलेली असते आणि पाय आमच्या हातचा असतो, त्यामुळे तुला ते कळलं नसेल. परवा तो पट्टा बदलून घ्यायला आला होता. तू सगळ्यांसमोर पट्टा सोडलास तेव्हा तो मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला. रुमाल मोजण्याच्या नादात तुला ते दिसलं नसावं.

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी त्याला चहा पाजून शांत केलं असतं. त्याने एवढंच विचारलं, की तुमचे भाऊ सांगतात तसा तो देव असेल तर त्याचं आणि आमचं नातं काय? संध्याकाळी पट्टा सोडून दोन पायांवर घरी जाणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, चांगली असतात बिचारी. मी त्याचा पट्टा घट्ट करून दिला.

बाबांचा नियम तुला अर्धाच कळला आहे. तू आठवीनंतर वसतिगृहात गेलास, तुझा दोष नाही. गिऱ्हाइकाचं दुःख कारागिराला समजावं म्हणून तो नियम नव्हता. महिनाभर आपटल्यावर त्याला एवढंच समजतं की आपल्याला समजलेलं नाही, असं बाबा म्हणायचे. मग तो मुकाट्याने नीट मापं घेतो. देवाला मापं नीट घेता यावीत म्हणून तो खाली आला असं तुला म्हणायचं असेल तर ठीक आहे. पण मग त्यासाठी मरायची काय गरज होती?

आता पायाचं. हाडापर्यंत सडलं आहे, गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. मी नको म्हटलं. पायांच्या कारखान्याच्या मालकिणीचाच पाय कापायचा, याला चेष्टा म्हणतात. विषय संपला, त्यावर तू उपदेश लिहू नकोस. कारखान्यात काम जोरात आहे, नवं प्लॅस्टर लवकर सुकत नाही म्हणून मिस्त्री कटकट करतात. बाकी सर्व ठीक.

चिडलास तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी
ताई


१४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तिने तुम्हाला काय कळवलं असेल याची कल्पना आहे. सर्व ठीक, असंच ना?

ठीक काही नाही. साखरेमुळे तिच्या पावलांची जाणीव गेली आहे. चपलेतून खिळा वर आला होता आणि ती दिवसभर त्यावर चालत राहिली. संध्याकाळी मला फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा ते कुणाचं म्हणून तिनेच मला विचारलं. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिला कोणती औषधं चालू आहेत आणि त्यांचा आता का उपयोग होत नाही, हे मला समजतं. तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं नाही तर विष रक्तात उतरेल, मग आमच्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. ती कामाचं टेबल खाली करून घेऊन बसून काम करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की म्हातारपणी आळशी झाले.

मी तिच्याशी भांडले. रडले. शेवटी एकदा तिने खरं कारण सांगितलं. माप घ्यायच्या खोलीतला तो बुटका बाक तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाईक त्यावर बसतं आणि कारागीर समोर उभा राहतो. आई म्हणाली, की त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला मी जीव लावला, पण मी कायम उभ्यांच्यातली होते. आता त्या बाकावर जाऊन बसणं मला जमणार नाही. त्यापेक्षा आहे तशी, धडधाकट जाईन. धडधाकट, मामा! पायातून पू वाहतो आहे आणि म्हणे धडधाकट.

ती मरणाला घाबरत नाही. बाकावर बसायला घाबरते.

तुम्ही तिला उपदेश करू नका, ती तो फाडून चुलीत घालेल. पण तुमच्याशी ती वाद घालते, आणि ज्याच्याशी वाद घालते त्याचंच ती ऐकते. माझे बाबा गेल्यापासून ती आणि मी एवढंच माझं घर आहे. मला माझी आई हवी आहे. यापेक्षा शहाणपणाचं काही मला लिहिता येत नाही.

आमच्यावरची सावली काढून घेऊ नका.

तुमची भाची
छोटी


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

सगळ्यात आधी सांगतो, छोटीने मला सगळं कळवलं आहे. तिला रागावायचं असेल तर आधी मला रागाव. मी मोठा आहे, मला सवयही आहे.

वायरमनकडे गेलो होतो. तो एका दुकानाबाहेर शिडीवर होता. मी खालून क्षमा मागितली. तो म्हणाला क्षमेचं राहू द्या, ही वायर धरा. मी वायर धरली. त्याचं काम संपेपर्यंत माझा हात भरून आला. खाली उतरल्यावर तो म्हणाला, की तुम्ही लंगडत आलात तोवर मला बरं वाटत होतं, पट्टा सोडायला नको होतात. एवढं बोलून त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

ताई, मी वेषाला देह समजलो. पाळकाने करू नये अशी ही चूक आहे आणि मी ती झगा घालून, भर मंडळीत केली. वेष काढून ठेवता येतो. आपली श्रद्धा मात्र अशी आहे की तो देव राहूनच पुरता माणूस झाला. त्याची भूक खरी, दमून होडीत झोपणं खरं, मित्राच्या कबरीपाशी रडणं खरं, मरणही खरं. आणि पुढची गोष्ट मी दरवर्षी शिकवतो पण कधी मनावर घेतली नव्हती. उठल्यावर त्याने तो देह टाकून दिला नाही. हातापायांवरच्या भोकांसकट उठला, तशाच देहाने वर गेला, आणि अजून माणूस आहे. त्याचा पट्टा सुटला नाही, कारण पट्टा नव्हताच. पुढच्या रविवारी हे सांगणार आहे, दोन्ही पायांवर आणि कसलंही नाटक न करता.

तुझ्या पायाबद्दल उपदेश करायचा नाही हे लक्षात आहे. फक्त एक विचारतो. उभ्यांच्यातून बाकावर येऊन बसणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही, मग आपल्यालाच का वाटावं? हा उपदेश वाटला तर ही ओळ खोड आणि बाकीचं पत्र ठेव.

तुझ्या काळजीत,
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळ खोडली नाही. छोटीशी मात्र दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच ड्रेसिंग करताना चिमटा जरा जोरात लावला, तेव्हा बोलणं झालं.

तुझं आत्ताचं पत्र त्या उपदेशापेक्षा बरं आहे. यात निदान रुमाल नाहीत. पण धाकट्या, तू मला अर्ध्या वाटेवर आणून सोडलं आहेस. समजा, तो बाकावर येऊन बसला. कायमचा बसला. त्याला सगळं समजलं. समजल्याने काय होतं? इतकी वर्षं मी लोकांना समजून घेते आहे, एकाचाही पाय परत उगवला नाही. ज्याचा पाय गेला त्याच्या शेजारी दुसरा पाय गेलेला येऊन बसला, तर सोबत होते. सोबतीला तारण म्हणत नाहीत. घरातला माणूस गेला तेव्हा सोबतीला गल्लीभर माणसं होती. त्यातल्या एकालाही त्यांना परत आणता आलं नाही, आणि तुझ्या देवानेही आणलं नाही.

आणि मला भीती वाटते, हेही एकदा लिहून टाकते. दुखण्याची नाही. भूल देतात. बाकावरच्या माणसाकडे लोक जसे बघतात, जरा मान कलती करून, तसं माझ्याकडे बघतील याची वाटते. मीही तसंच बघते. मला ते माहीत आहे.

उत्तर पाठव. पण जाड पुस्तकातलं नको, पोस्टकार्डावर मावेल असं दे. डॉक्टरांनी पुन्हा निरोप धाडला आहे, तेव्हा फार विचार करत बसू नकोस.

तुझी
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम.

पोस्टकार्डच घेतलं आहे. तो नुसता माणूस असता तर शेजारी बसून राहिला असता. नुसता देव असता तर उभाच राहिला असता. तो दोन्ही आहे. म्हणून मरण त्याच्या अंगात खरंच शिरलं आणि तरी त्याला धरून ठेवू शकलं नाही. ते अंग आपल्यासारखंच होतं, आईच्या पोटातून आलेलं. माणसाचं एक अंग मरणातून आरपार गेलं आहे. बाकीच्यांनी त्याला धरून जायचं. भाऊजीही, तूही, मीही. तारण म्हणजे मला एवढंच कळतं.

यावरून तू पाय कापून घ्यावास असं काही सिद्ध होत नाही. देवाच्या नावाने मी तुला ढकलणार नाही. भाऊ म्हणून मात्र सांगतो, मला तू हवी आहेस, पाय वजा जाता उरशील तेवढी. गुरुवारच्या बसने निघतो आहे, तू हो म्हण की नाही.

धाकटा


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पटलं असं म्हणणार नाही, पण खोटं वाटलं नाही. शुक्रवार सकाळची वेळ घेतली आहे. छोटी ऐकून इतकी रडली की बातमी वाईट आहे असं वाटून शेजारीण धावत आली. येताना सरावाचा पाय परत आण आणि मिस्त्रींची माफी मागायला विसरू नकोस.

ताई


१८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर सविस्तर असं पहिलंच पत्र लिहिते आहे. इस्पितळातून घरी आले तेव्हा आठवडाभर मी सगळ्यांना इतकं छळलं, की छोटीने मला परत भरती करायची धमकी दिली. आता बरी आहे. कुबड्यांवर कारखान्यात जाते. जखम भरली, मापाला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाकावर बसले.

त्याचं फार काही झालं नाही, हे तुला सांगायला हवं. मी बसले, मिस्त्री समोर उभे राहिले, त्यांनी फीत उलटी धरली म्हणून मी त्यांना रागावले. बाकावरून वर पाहिलं तर छताला पापुद्रे आलेले दिसले. उभ्याने काम करताना वर कोण बघतं? आमची गिऱ्हाइकं बाबांच्या वेळेपासून ते छत बघत बसली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. रंगारी बोलावून घेतला.

दुखतं, धाकट्या. नसलेली बोटं दुखतात. हे मी लोकांकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि सहानुभूतीने मान हलवली होती. नवा पाय अजून घडीभरच बांधते, त्याच्या साच्याचा काठ गुडघ्याखाली टोचतो ते वेगळंच. कापलं ते वाईट झालं. तुझं कार्ड वाचून ते चांगलं झालं नाही आणि मी तसं सोंगही आणणार नाही. पण छोटी रोज सकाळी मला चहा देते आणि मी तो पिते. ऑपरेशनला उभी राहिले नसते तर तिने तो कुणाला दिला असता, असं मनात येतं.

विश्वास बसला का, असं तू आडून आडून तीन पत्रांत विचारलंस. सरळ विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं, की मला माहीत नाही. पण काल एक गोष्ट झाली. गवंडीकाम करणारी एक बाई आली होती. पाय नुकताच गेलेला, रागाने धुमसत होती. मी तिला म्हटलं सवय होईल. अशा वेळी बहुतेक जण जे म्हणतात तेच ती म्हणायला लागली, की बाई, तुम्हाला काय कळणार. मी तेव्हा टेबलामागे बसले होते. मिस्त्रींनी माझ्या कुबड्या भिंतीवरून काढून हातात दिल्या आणि मी उठून तिच्याजवळ गेले. तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं. मग ती बराच वेळ रडली आणि तिने माप घेऊ दिलं.

घरी आल्यावर लक्षात आलं, की घरातला माणूस गेल्यापासून मी प्रार्थनेला बसले की देवाला हेच एक वाक्य म्हणत आले आहे. दुसरं काही नाही. सात वर्षं रोज. तुला काय कळणार, आणि मग आमेन. आज सकाळी बसले तेव्हाही तेच म्हणायला लागले होते. अर्ध्यात थांबले. पुढे काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही, म्हणून नुसतीच बसून राहिले.

तुझ्या लोभाची सवय लागली आहे, ती मोडू नकोस.

तुझी
ताई